गुलाबी कागदावरचं हळदीकुंकू

माझी अक्षरओळख पाटीवर झाली नाही, पत्रकांवर झाली. वडील लालबागच्या एका लहानशा छापखान्यात कंपोझिटर होते. शिशाचे खिळे एकेक करून जुळवायचे आणि मजकूर उभा करायचा, हे त्यांचं काम. दिवसा लग्नपत्रिका आणि बिलबुकं, आणि संध्याकाळी, मालकाचा मूड बरा असेल तर, समित्यांची, संघटनांची, संपवाल्यांची पत्रकं. शाई फुटलेल्या, वाकड्या छापल्या गेलेल्या प्रती ते घरी आणत. आमच्या चाळीतल्या खोलीत फळ्यांवर पत्रकं अंथरलेली असायची, डब्यांच्या झाकणाखाली पत्रकं, शेंगदाणे बांधायला पत्रकं. कमळ आणि खटारा शिकायच्या आधी मी 'कामगार बंधूंनो' वाचायला शिकले. 'मागण्या' हा मी न अडखळता लिहिलेला पहिला शब्द. नवा फ्रॉक हवा असला की मी वडिलांना लेखी निवेदन द्यायचे आणि शेवटी 'अन्यथा तीव्र आंदोलन छेडण्यात येईल' असं लिहायचे. वडील ते मोठ्याने वाचून दाखवायचे. आई म्हणायची, "छेड हो. आधी पाणी भर."

सणावारांचं आमच्याकडे असंच होतं. वडील दर सणाला घरापुरतं एक पत्रक जुळवायचे. दिवाळीला फटाक्यांविरुद्ध, होळीला लाकूड जाळण्याविरुद्ध. एका गणपतीत त्यांनी मोदकांच्या समान वाटपाची मागणी करणारं पत्रक काढलं होतं, कारण आदल्या वर्षी काकाने जास्त खाल्ले होते. चार-पाच प्रती छापायच्या, एक दाराबाहेर चिकटवायची. गॅलरीतून जाणाऱ्या बायका थांबून वाचायच्या आणि हसत आत यायच्या. आई म्हणायची, "आमच्याकडे सण आधी कागदावर येतो, मग घरात."

ऐंशी सालाच्या आसपास वाशीला आमचं घर लागलं. सोडतीत नंबर आला हे कळलं त्या दिवशी वडिलांनी चाळीत पेढे वाटले आणि आई जिन्यात बसून रडली. दोन खोल्या, स्वतःचा नळ, स्वतःचा संडास. रांग नाही. रडायचं काय त्यात, हे मला तेव्हा कळलं नव्हतं.

सगळं सामान टेंपोत गेलं, पाटा-वरवंटा सोडून. खोलीवर आता काका-काकू राहणार होते. वडील पाटा उचलायला वाकले तेव्हा आईने त्यावर हात ठेवला. "असू दे इथंच. तिकडचं आधी बघू तर दे."

"चटणी कशात वाटणार?"

"नाही वाटणार."

त्या पाट्याची कथा मी लहानपणापासून ऐकत आले होते. माझ्या बारशाला तोच वरवंटा कुंची घालून माझ्याआधी पाळण्यात निजवला होता, आणि चाळीतल्या बायकांनी त्याचं तोंड पाहून 'बापावर गेलाय' असं ठरवलं होतं. आईचं लग्न झालं तेव्हापासून तो त्या कोपऱ्यात होता. तो तिथे आहे तोवर आपली जागा तिथे आहे, असा तिचा हिशेब असणार. बोलली नाही, पण ते सगळ्यांना समजलं. काकूला तर जरा जास्तच समजलं. तिने लगेच पाट्यावर ओला फडका टाकला.

खाडी ओलांडली की आवाज संपायचे. पुलावरून बस उतरली की दोन्ही बाजूंना पाणथळ, चिखल, पुढे मिठागरांचे पांढरे ढीग, आणि मग एकदम आमच्या बिल्डिंगा, एकीसारखी दुसरी. आमच्या सेक्टरमध्ये निम्म्या घरांना अजून कुलपं होती. रस्ते रुंद आणि रिकामे. गवत कमरेएवढं. चाळीत आई कुकरची शिट्टी ऐकून कोणाकडे काय शिजतंय ते सांगायची. इथे दुपारी आमच्याच कुकरची शिट्टी झाली तरी ती दचकायची.

आणि दारं. सगळी दारं बंद. मी त्यावर एक लेखही लिहिला होता, 'नव्या शहरातील मध्यमवर्गाचे आत्मकेंद्रित जीवन' असा. तो एका मासिकाने साभार परत केला. पुढे काही दिवसांनी कळलं की दारं वाऱ्यामुळे बंद असतात. खाडीवरून असा वारा यायचा की उघडं दार धाडकन आपटून बिजागऱ्या निघायच्या. पण आईला हे पटायचं नाही. तिने एक अर्धी वीट पत्रकात गुंडाळून दाराला लावली आणि आमचं दार दिवसभर उघडं ठेवलं. त्यातून वारा आत यायचा, धूळ यायची, एकदा एक शेळी आली. माणूस नाही.

वडील सकाळच्या बसने छापखान्यात जायचे ते रात्री परत. मी नुकती बी.ए. झालेली, नोकरी शोधत असलेली. खरं तर माझीच अवस्था वाईट होती. लालबाग-परळला रोज एक सभा असायची, एक भांडण असायचं, कोणीतरी तावातावाने टेबलावर हात आपटायचं. आता सभेला जायचं म्हणजे परतीच्या बसकडे डोळे लावून बसायचं. हळूहळू मैत्रिणींनी बोलवायचंच सोडलं. मी दुपारी खिडकीत बसून क्रांतीबद्दल लिहायचे आणि समोरच्या मोकळ्या प्लॉटवर दोन म्हशी चरत असायच्या. आई दाराशी स्टूल टाकून बसायची. आम्ही दोघी एकाच घरात, एकमेकींना पाठ करून बसलेल्या. तिला वाटायचं मला लिहायचंय म्हणून बोलायला नको. मला वाटायचं ती कोणाची तरी वाट बघतेय, मध्ये पडायला नको.

पहिल्या दिवाळीत तिने चाळीच्या मापाने फराळ केला. चकल्यांचा डबा पौर्णिमेपर्यंत भरलेलाच होता. तेव्हा तिने वडिलांना सांगितलं. आवाज चढवला नाही. ताट वाढता वाढता सांगितलं.

"संक्रांतीपर्यंत राहते मी. संक्रांतीला हळदीकुंकू करणार. पाच बायका जरी माझ्या घरात आल्या तरी हे माझं घर. नाही आल्या तर मी खोलीवर जाते काका-काकूंकडे. तुम्ही दोघं रविवारी या."

वडील हसले. मग तिच्याकडे बघून हसायचे थांबले.

"आणि जेवण?" त्यांनी विचारलं.

"लेक बी.ए. झालीय ना?"

मी माझ्या ताटातली पोळी पाहिली. दोन खोल्यांचं घर मला एकदम खूप मोठं वाटायला लागलं.

आता मी हळदीकुंकवाच्या विरोधात होते. आजही आहे. जिचा नवरा जिवंत तिला ओवाळायचं आणि जिचा गेला तिने आतल्या खोलीत बसायचं, याला मी सण म्हणत नाही. चाळीत लहानपणी बायकांना बोलवायला मुलींना दारोदार पाठवायचे. दहाव्या वर्षी मी त्या कामाला नकार दिला होता आणि तो नकार अर्थातच लेखी दिला होता. संक्रांत जवळ आली तशी मी आईला पुन्हा तेच ऐकवलं.

"माझा या प्रथेला विरोध आहे."

"असू दे. गूळ किसून दे."

"वरच्या मजल्यावरच्या बाईंचा नवरा वारलाय. त्या रोज एकट्या ऑफिसला जातात, एकट्या येतात. त्यांना नाही बोलवणार तू?"

"मी कुठं नको म्हणते? सगळ्यांना बोलाव. माझ्या घरात बाई आली पाहिजे, बस. दोन पायांवर चालत."

इतक्या सहज विजय मिळाल्यावर माझी थोडी निराशाच झाली. पण मग आई म्हणाली, "बोलवायला मात्र तू जा. मला नाही जमणार. बंद दार कसं वाजवायचं मला माहीत नाही. चाळीत दार बंद असलं म्हणजे आत कोणीतरी आजारी नाहीतर भांडण."

मलाही जमणार नव्हतं. मी मोर्चात पोलिसांच्या गाडीसमोर उभी राहिलेली मुलगी, पण त्या जिन्यातल्या तपकिरी दारांसमोर माझं बोट बेलपर्यंत जाऊन परत यायचं. बेल वाजवायची आणि म्हणायचं काय? 'मी खालची'? कोणाच्या खालची? पण आमच्या घराला एक मार्ग माहीत होता आणि तो आजवर कधी चुकला नव्हता. मी म्हटलं, "बोलावण्याचं मी बघते."

मजकूर मी लिहिला. वडिलांनी छापखान्यात जुळवला, उरलेल्या गुलाबी कागदावर छापला. तो असा होता:

'भगिनींनो! चार भिंतींत कोंडून घेण्याचे दिवस संपले आहेत! संक्रांतीनिमित्त आमच्या घरी हळदीकुंकू योजिले आहे. सवाष्ण, विधवा, परित्यक्ता, कुमारिका, तसेच जात वा धर्म असा कोणताही भेद येथे पाळला जाणार नाही! वाण सर्वांना समान! बंद दारे उघडा! बहुसंख्येने उपस्थित राहा!'

खाली आमचा मजला आणि घराचा नंबर. उद्गारचिन्हं वडिलांची. छापखान्यात उद्गारचिन्हांचे खिळे सगळ्यांत आधी झिजायचे ते काही उगाच नाही.

आईने तो कागद हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला. "हे बोलावणं?"

"सगळ्यांना एकाच वेळी, एकाच शब्दांत," मी म्हटलं. "कोणाला कमी नाही, कोणाला जास्त नाही."

"कुंकू कुठाय याला?"

"कागद गुलाबी आहे की," वडील म्हणाले.

मी दुपारी, जिन्यात कोणी नाही असं पाहून, प्रत्येक दाराखालून एकेक पत्रक सरकवलं. कागद आत जाताना होणारा तो सर्र आवाज मला फार आवडला. पायताण हातात घेऊन गेले होते, आवाज नको म्हणून. तेव्हा त्यात मला काही विनोदी वाटलं नाही.

संक्रांतीच्या दिवशी आईने काळी साडी नेसली. लालबागहून आणलेल्या चहाच्या गाळण्या, ते तिचं वाण, तिने सतरंजीवर एकीत एक घालून उभ्या केल्या. हलव्याची वाटी, तिळाच्या वड्यांचं ताट, अत्तराची कुपी, गुलाबदाणी. दाराला वीट. पितळी करंडा तिने चिंचेने घासला होता. चार वाजता ती पाटावर बसली आणि मी तिच्या शेजारी.

जिन्यात पावलं वाजायची. आम्ही दोघी ताठ व्हायचो. पावलं आमच्या मजल्यापर्यंत यायची, क्षणभर थांबल्यासारखी वाटायची आणि वर जायची. मग किल्लीचा आवाज. दार उघडायचं. दार बंद. एकदा बांगड्या वाजल्या. त्याही वर गेल्या. वारा येऊन पत्रकात गुंडाळलेल्या विटेचा कागद फडफडवत होता. आईने दोनदा वड्यांवरचं पेपराचं झाकण काढलं आणि पुन्हा ठेवलं.

अंधार पडायला लागला तेव्हा दारात एक गृहस्थ उभे राहिले. तळमजल्यावरचे. हातात गुलाबी पत्रक.

"काय ओ, मीटिंग इथेच ना?"

"मीटिंग नाही," मी म्हटलं.

"नाही, मला पाण्याच्या टाकीचा प्रश्न मांडायचा होता. आमच्याकडे सकाळी पाणीच चढत नाही. तळमजल्यावर! म्हणजे बघा."

"हळदीकुंकू आहे," आई म्हणाली. "बायकोला पाठवा की."

"तिला म्हटलं मी. ती म्हणाली, युनियनचं दिसतंय, तुमीच जा." ते जरा ओशाळले. "आमाला वाटलं, भगिनींनो लिहिलंय ते बायकांचा मोर्चा वगैरे."

आईने त्यांना तिळाची वडी दिली. त्यांनी ती खाल्ली, 'गोड बोला' म्हणाले आणि जाता जाता पुन्हा टाकीचं सांगून गेले. त्या दिवशी आमच्याकडे आलेलं तेवढं एक माणूस.

वडील आले तेव्हा गाळण्यांचा मनोरा तसाच उभा होता. आईने साडी बदलली, घडी घालून ट्रंकेत ठेवली. ट्रंकेचं झाकण मात्र तिने लावलं नाही. रात्रभर ते उघडंच होतं. सकाळी उठल्यावर मी पाहिलं, तिने त्यात अजून दोन साड्या ठेवल्या होत्या.

सकाळी दूध आणायला ती स्वतः गेली. एरवी ते काम माझं. परत आली तेव्हा तिचा चेहरा वेगळाच होता, रागावलेला आणि त्याखाली हसू दाबलेलं.

"तळमजल्याची भेटली," ती म्हणाली. "मला म्हणते, हे तर नुसतं टाकीचंच सांगत बसले, काल तुमच्याकडे काय होतं वहिनी? मी म्हटलं हळदीकुंकू. तर म्हणते, अगंबाई, मग बोलवायचं नाही का? कागद तर रोज येतात दाराखालून. परवा रद्दीवाल्याचा आला. बोलवलं असतं तर आमी काय आलो नसतो?"

मी म्हटलं, "पत्रकात स्पष्ट लिहिलं होतं."

"लिहिलं होतं." आईने दुधाचं भांडं ठेवलं. "रथसप्तमीला अजून अवकाश आहे. तोवर चालतं हळदीकुंकू. पायात घाल काहीतरी."

"कुठे?"

"दारं तू वाजवायची. बोलायचं मी."

असा आमचा करार झाला. तिने करंडा हातात घेतला आणि आम्ही तळमजल्यापासून सुरुवात केली. मी बेल दाबायचे आणि एक पायरी खाली सरकून उभी राहायचे. दार उघडलं की आई करंडा पुढे करायची. नाव विचारायची नाही, गाव विचारायची नाही. "रथसप्तमीला हळदीकुंकवाला या हां," एवढंच. आणि समोरच्या बाईचा चेहरा बदलायचा. मी हे इतक्या जवळून कधी पाहिलं नव्हतं. कपाळाला बोट लागायचं, बाई डोळे मिटायची, मग उघडायची, आणि दार आणखी वीतभर उघडायचं. "आत या ना." "नको, अजून वरची राहिलीत." "अहो चहा तरी." पहिल्या मजल्यावरच्या बाई उरणकडच्या मुसलमान, घर नुकतंच लागलेलं. त्या आईच्या करंड्याकडे बघून हसल्या. "कुंकू नको हां ताई मला. तुमच्या कागदात वाचलं, वाण सगल्यांना समान. ते खरं हाय ना?"

"खरं हाय," आई त्यांच्याच सुरात म्हणाली. मी माझ्या पत्रकाला एवढा एक मतदार मिळाल्याचा आनंद साजरा केला, मनातल्या मनात.

तिसऱ्या मजल्यावरच्या दारापाशी मात्र आई थांबली. माझ्या वाक्यांची फौज घशात तयार उभी होती. मी बेल दाबली.

दार त्यांनीच उघडलं. ऑफिसला निघालेल्या, खांद्याला पर्स. आईपेक्षा लहान, पन्नाशीच्या आतल्या. त्यांनी आईकडे पाहिलं, करंड्याकडे पाहिलं आणि दाराला धरून उभ्या राहिल्या.

"काल तुम्ही आला नाहीत," आई म्हणाली.

"पत्रक मिळालं होतं." त्या माझ्याकडे वळल्या. "तू लिहिलंस का? चांगलं लिहिलंयस. दोनदा वाचलं मी."

"मग?" मी म्हटलं. "त्यात सगळ्यांना म्हटलं होतं."

"सगळ्यांना म्हणजे मला का, हे कसं कळायचं?" त्या रागावून बोलल्या नाहीत. ऑफिसात कोणाला एखादी गोष्ट समजावून सांगावी तशा बोलल्या. "असं लिहिणारे पुष्कळ भेटतात गं. लिहितात, भाषण करतात. आणि गेलं की मग दारात सगळे एकमेकांकडे बघतात. म्हटलं, कोणी येऊन दार वाजवलं तर जाऊ. साडी नेसून बसले होते. काळी नव्हती, निळी नेसले. एकदा तुमच्या मजल्यापर्यंत उतरले, आणि परत वर गेले."

बांगड्यांचा तो आवाज. आमच्या मजल्यावर क्षणभर थांबून वर गेलेला. माझी फौज जागच्या जागी बसली.

आईने करंडा उघडला. पण बोट बुडवलं नाही. तिने तो उघडा करंडा तसाच त्यांच्यापुढे धरला, प्रसाद पुढे करावा तसा. "तुम्हाला जे हवं ते तुम्ही घ्या."

त्यांनी बराच वेळ पाहिलं. मग करंगळीने हळद घेतली आणि गळ्याशी लावली, खाली, जिथे पूर्वी मंगळसूत्र असेल तिथे. "कुंकू राहू दे. सवय गेली आता. हळद बरी वाटते." मग घड्याळ बघून म्हणाल्या, "माझी बस जाईल. किती वाजता यायचं?"

रथसप्तमीला बायका आल्या. किती, ते मी मोजलं नाही. आईने मोजलं असणार. पण पाचापेक्षा जास्त नक्की, कारण गाळण्यांचा मनोरा गुडघ्याखाली आला. तळमजल्याच्या बाईंनी टाकीचा प्रश्न काढलाच. उरणच्या बाईंनी गाळणी उन्हाकडे धरून जाळी तपासली. तिसऱ्या मजल्याच्या बाई निळी साडी नेसून आल्या, भिंतीला टेकून बसल्या आणि सगळ्यांत शेवटी गेल्या. वडील म्हणाले, "यशस्वी झालं!" मी म्हटलं, "यावर एक पत्रक काढा." आईने दोघांकडेही पाहिलं नाही. ती सतरंजी झटकत होती.

"बोलवल्यावर काय," ती म्हणाली. "बोलवल्यावर कोणीही येतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने उरलेल्या गाळण्या पिशवीत भरल्या. चाळीतल्या बायकांचं वाण राहिलंय म्हणाली. ट्रंक तशीच, झाकण उघडं, साड्या आत. मी विचारलं, "संध्याकाळी येशील ना?"

"बघू," ती म्हणाली आणि बसमध्ये चढली.

तो दिवस मी कसा काढला ते मलाच माहीत. मी भात केला, तो खाली लागला. 'कौटुंबिक श्रमांचे मूल्य' या विषयावर अर्धं पान लिहिलं आणि फाडलं. दार उघडं ठेवलं, मग बंद केलं, मग पुन्हा विटेने उघडं ठेवलं. आई दाराशी बसायची तिथे स्टूलवर बसून पाहिलं. तिथून फक्त समोरच्या घराचं कुलूप दिसायचं. रोज ती दुपारभर हे कुलूप बघत असायची आणि मी तिच्याकडे पाठ करून, शोषितांच्या एकाकीपणाबद्दल लिहीत असायचे.

उन्हं कलली तशी मी बसस्टॉपवर जाऊन उभी राहिले. स्टॉप म्हणजे एक खांब आणि मागे गवत. खाडीकडून वारा येत होता, खारट, चिखलाचा वास असलेला. बस यायची, चार माणसं उतरायची, लांब लांब अंतराने आपापल्या बिल्डिंगांकडे जायची, कोणी कोणाशी न बोलता. मग पुन्हा मी आणि खांब. पुलाच्या दिशेने दिवे दिसले की मी पुढे सरकायचे. बहुतेक दिवे ट्रकचे असायचे.

एका बसमधून तिसऱ्या मजल्याच्या बाई उतरल्या. मला पाहून थांबल्या.

"कोणाची वाट बघतेस?"

"आईची."

"कुठे गेलीय?"

"चाळीत." आणि मग मी एकदम सगळंच सांगून टाकलं. पाटा, पाच बायका, ट्रंक. बोलताना माझी वाक्यं कुठेच संपेनात, एकही उद्गारचिन्ह सापडेना. त्यांनी ऐकून घेतलं. मला वाटलं, आता म्हणतील, येईल हो, काळजी करू नकोस. तसं काही म्हणाल्या नाहीत. पर्स एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली आणि खांबाच्या दुसऱ्या बाजूला उभ्या राहिल्या.

"तुम्ही जा," मी म्हटलं. "तुम्ही दमला असाल."

"मला तरी घरी कोण आहे?"

आम्ही दोघी उभ्या राहिलो. एक बस गेली. मग आणखी एक. त्यानंतरची बस थांबली आणि पुढच्या दारातून आई उतरली, तिरकी होऊन, कारण एका हाताला पिशवीने खाली ओढलं होतं. सकाळी गाळण्या नेल्या होत्या तीच पिशवी. गाळण्यांना तेवढं वजन नसतं.

"इथं काय करताय तुम्ही दोघी?" ती म्हणाली, आणि उत्तराची वाट न बघता पिशवी माझ्याकडे दिली. "धर. पायावर पाडून घेशील."

मी पिशवीवर हात ठेवला. कापडातून तो थंडगार, गोल, गुळगुळीत लागला. वरवंटा.

"आणि पाटा?" मी विचारलं.

"तो मला उचलतो होय? रविवारी बाबांना पाठवते. म्हणावं, खिळे उचलता तसा उचला." मग ती तिसऱ्या मजल्याच्या बाईंकडे वळली. "काकूला बघून आले हो. पाट्यावर घासलेटचा डबा ठेवलाय तिने. म्हटलं, राहू दे तुझा डबा, मी घेऊन जाते."

पिशवीचा एक बंद तुटायला आला होता. बाईंनी न विचारता तो आपल्या हातात घेतला, दुसरा माझ्याकडे. वारा समोरून येत होता. आई रिकाम्या हातांनी पुढे चालत होती आणि काकूबद्दल मोठ्याने बोलत होती. त्या रुंद रस्त्यावर तिचा आवाज जरा जास्तच मोठा वाटत होता. ती तिकडे चाळीत बोलायची तेवढाच तो होता.